पेटीतली पत्रं लावताना

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

गोव्याच्या कवीचा पत्रव्यवहार लावायचं काम तू अंगावर घेतलंस, मनापासून बरं वाटलं. एकच सांगणं, लगेच वाचायला बसू नकोस. अशी पेटी उघडली की घरातले सगळे आधी मोठ्या नावांची पत्रं शोधून बाजूला काढतात. मग प्रेसवाल्याचा तगादा, मनीऑर्डरच्या पावत्या, वाण्याची यादी हे सगळं रद्दीत जातं. कवीचा दिवस कसा जायचा, हे नेमकं त्या रद्दीत असतं.

गठ्ठे जसे बांधलेले आहेत तसेच राहू देत. तारीख नसलेल्या पत्राचा पहिला पुरावा म्हणजे त्याच्या वरचं आणि खालचं पत्र. गठ्ठ्याला अक्षर आणि पत्राला आकडा दे: क/१७, मागच्या कोपऱ्यात, मऊ पेन्सिलीने. पेन नको, ओल लागली की शाई फुटते. पाकीट पत्रापासून तोडू नकोस, शिक्का त्याच्यावरच असतो.

हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत कर. हवेतला दमटपणा ६५ टक्क्यांच्या वर टिकला की कागदावर बुरशी धरते आणि आपल्या पावसाळ्यात तो त्याच्या खाली क्वचितच येतो. ओलसर पत्रं उन्हात घालू नकोस. शाई उडते, कागद कडक होतो. सावलीत, पंख्याच्या लांबच्या वाऱ्यावर पसर. टाचणी गंजून चिकटली असेल तर ओढू नकोस, तिच्याखाली पातळ प्लास्टिकची पट्टी सरकवून हळूहळू सोडव. सेलोटेप तर अजिबात नको. तिचा गोंद काही वर्षांत पिवळा होऊन अक्षरांत मुरतो आणि मग निघत नाही. कसर दिसली तर गठ्ठा प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये ठेव. बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडू नकोस, नाहीतर थंड कागदावर पाणी धरेल.

प्रत्येक पत्राच्या दोन्ही बाजू आणि पाकीट स्कॅन कर. मागची बाजू कोरी असली तरी. ३०० डीपीआय पुरे, बारीक अक्षरांच्या पोस्टकार्डाला ६००.

खरी कसोटी तारखेची. ‘शके १८७५, माघ’ असं दिसलं की पुष्कळजण ७८ मिळवून १९५३ लिहितात आणि एक वर्ष चुकतात. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८, पण जानेवारी लागल्यापासून फाल्गुन संपेपर्यंत ७९. म्हणजे हे पत्र १९५४ चं. गोव्याचं पोर्तुगीज काळातलं तिकीट असेल तर त्यावरचं चलन पाहा: रुपया-टांगा असेल तर १९५९ च्या आधीचं, एस्कुदो-सेंतावो असेल तर १९५९ ते १९६१. पत्त्यात ४०३ ने सुरू होणारा गोव्याचा पिनकोड असेल तर पत्र १५ ऑगस्ट १९७२ च्या आधीचं असूच शकत नाही. ‘मंगेशीच्या जत्रेहून आलो’ म्हणजे माघ पौर्णिमेच्या आसपास, ‘चवथ झाली की येतो’ म्हणजे भाद्रपदातल्या गणेशचतुर्थीच्या आधी. पण मांडवी नदीतल्या पणजी-बेती फेरीबोटीचा उल्लेख दिसला म्हणून पत्र तिथला पूल होण्याआधीचं ठरवू नकोस. ५ जुलै १९८६ ला मांडवीवरचा पूल कोसळला आणि लोक पुन्हा फेरीबोटीत बसले. एका खुणेवर तारीख कधीच पक्की करू नकोस. अंदाजाची तारीख चौकटी कंसात टाक आणि शेजारी कारण लिही.

पत्त्यांची वेगळी यादी ठेव. बा. भ. बोरकरांचा जन्म बोरीचा, पण आकाशवाणीच्या नोकरीत त्यांनी पुण्यातही वर्षं काढली. असा कवी कुठून लिहितोय, यावरही पत्राचा काळ कळतो.

आता दिवसांची वही. एका तारखेला एक ओळ: मुक्काम, तब्येत, हातातलं लेखन, मुद्रितं, पैसे, आलेगेलेले. ‘प्रकृती बरी नाही’ हे वाक्य संपादकाला लिहिलेल्या पत्रात असेल तर सांभाळून घे. मजकूर वेळेवर न देण्याचं ते नेहमीचं कारण. त्याच आठवड्यात पत्नीला काय लिहिलंय ते बघ. तिथे ताप आणि औषध असेल तरच वहीत आजार लिही. मायन्यावरून नातं कळतं: ‘सा. न. वि. वि.’ वरून ‘प्रिय’ वर कधी आले, ती तारीख टिपून ठेव. मजकुरात मध्येच पोर्तुगीज ओळ आली तर तशीच उतर, भाषांतर खाली दे. शुद्धलेखन सुधारू नकोस. खोडलेला शब्द वाचता येत असेल तर तोही लिही.

तुझ्या पेटीतली, कवीला आलेली पत्रं म्हणजे अर्धाच संवाद. कवीने पाठवलेली बरीचशी पत्रं दुसऱ्यांच्या घरात आहेत. मायना आणि पत्ते पाहून त्या घरांची यादी कर आणि मूळ न मागता स्कॅन माग. मूळ मागितलं की माणसं बिथरतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

छापण्याची घाई नको. कागद ज्याला पत्र आलं त्याचा, मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या वारसांचा. हयातीत न छापलेल्या मजकुरावर तो पहिल्या प्रकाशनानंतर ६० वर्षं चालतो. लेखी परवानगी घे, आणि पत्रात ज्यांच्या आजारपणाचं किंवा कर्जाचं आलंय त्यांच्या घरच्यांनाही विचार.

पहिल्या वीस पत्रांच्या नोंदी झाल्या की पाठव. ज्या तारखांबद्दल शंका आहे त्यांच्या पाकिटांचे स्कॅन सोबत जोड, शिक्क्याची बाजू नीट दिसेल असे.

तुझा हितचिंतक