झुला नव्हे, झाडांचं बेट : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्सवर एक डॉक्युमेंटरी बघितली, त्यात सारखं 'हार्डवुड हॅमॉक' म्हणत होते. हॅमॉक म्हणजे दोन झाडांना बांधतात तो झुला ना? आणि सगळीकडे पाणीच पाणी, मग तिथे महोगनीची मुळं कुजत कशी नाहीत?

उत्तर : झुला आधी डोक्यातून काढा. तिथल्या पाणथळीत मधेच दाट झाडीचा उंचवटा दिसतो ना, बेटासारखा, त्याला हॅमॉक म्हणतात. हार्डवुड हा शब्दही फसवाच आहे बरं का, म्हणजे रुंद पानांची झाडं एवढंच, लाकूड टणक असेलच असं नाही, कारण त्याच जंगलातल्या गंबो लिंबोचं लाकूड इतकं मऊ की एके काळी मेरी-गो-राउंडचे घोडे त्यातून कोरायचे.

आता मुळांचं. सगळा खेळ काही इंचांचा आहे. एव्हरग्लेड्स म्हणजे साचलेलं डबकं नाही, मैलोन्‌मैल रुंद आणि उथळ असं पाणी दक्षिणेकडे सरकत असतं, पण इतकं सावकाश की उभं राहून बघाल तर थांबलंय असंच वाटेल. खाली चुनखडीचा दगड. तो जिथे जरासा वर आलाय तिथे पावसाळ्यातही पाणी सहसा चढत नाही, आणि तेवढ्याशा कोरड्या जागेवर महोगनी, गंबो लिंबो, वाइल्ड टॅमरिंड दाटीवाटीने उभे. चार पावलं खाली उतरलात की सॉग्रास सुरू, ज्याला सगळे गवत म्हणतात पण ते आहे लव्हाळ्याच्या कुळातलं आणि पात्याची कड करवतीसारखी, हात फिरवला की रक्त. यातली बरीचशी झाडं मूळची कॅरिबियन बेटांवरची, बिया पक्ष्यांच्या पोटातून, वादळातून, समुद्राच्या प्रवाहातून आल्या आणि त्यांच्या शेजारी थंडीकडचा ओकही उभा असतो, अशी सरमिसळ मला तरी फार आवडते.

प्रश्न : उन्हाळ्यात सॉग्रासला वणवे लागतात म्हणे. मग ही बेटं वाचतात कशी?

उत्तर : एक दुरुस्ती, तिकडचा कोरडा काळ म्हणजे हिवाळा आणि वसंत, साधारण डिसेंबर ते एप्रिल. उन्हाळ्यात तर पाऊस असतो.

वाचतात कशी, तर जंगल स्वतःच खंदक खणतं. पालापाचोळा कुजला की त्यातून आम्ल तयार होतं, ते पाण्याबरोबर बेटाच्या कडेला झिरपतं आणि तिथली चुनखडी हळूहळू विरघळते, असं करत करत बेटाभोवती खळगा पडतो आणि आजूबाजूचं सॉग्रास सुकलं तरी त्या खळग्यात पाणी टिकून राहतं. वणवा येतो आणि काठावरच थांबतो. आतली गच्च सावली, दमट हवा याचीही मदत होतेच, आणि थंडीची एखादी कडक रात्र आली तर हेच पाणी आणि झाडांचं छप्पर आतली ऊब धरून ठेवतं.

पण खंदकातलं पाणीच आटलं तर काही खरं नाही. दगडावर माती म्हणजे कुजलेल्या पानांचा पातळ थर, तोच पेटतो, झाडं तर जातातच पण उंचीही जाते आणि इंचांवर जगणाऱ्या जंगलाला ती परत मिळत नाही. विसाव्या शतकात कालवे खणून पाणी काढलं गेलं, 1928 मध्ये टमायामी ट्रेल हा रस्ता प्रवाहाला आडवा बांधला, त्यामुळे काही भाग कोरडा पडला तर बांधांमागे पाणी तुंबून काही ठिकाणची बेटं चक्क बुडून मेली. नॅशनल पार्क 1947 मध्ये झालं खरं, पण उत्तरेकडून वाहत येणारं पाणी पार्कच्या हद्दीबाहेरूनच येतं ना.

प्रश्न : तिथे फिरायला गेलं तर कुठल्या झाडाला हात लावायचा नाही?

उत्तर : पॉइझनवुड. खोडावर तेलकट काळे डाग दिसले की लांब. आंबा-काजूच्या कुळातलं, आपल्या बिब्ब्याचा भाऊच, चीक लागला की कातडीवर फोड येतात. पांढऱ्या डोक्याचं कबुतर मात्र त्याची फळं मजेत खातं आणि बिया पसरवतं.

गंबो लिंबोला बिनधास्त हात लावा. त्याची लाल साल पापुद्र्यांनी सोलते म्हणून तिथले लोक त्याला टुरिस्ट ट्री म्हणतात, उन्हात भाजलेल्या पाहुण्यासारखं! आणि वाइल्ड टॅमरिंडच्या गुळगुळीत खोडावर जरा बारकाईने बघा, कँडीसारखे रंगीत पट्टे असलेल्या लिगस गोगलगाई दिसतील, सालीवरचं शेवाळ आणि दगडफूल खरवडून खातात. कोरड्या दिवसांत त्या शिंपल्याचं तोंड सालीला घट्ट चिकटवून पाऊस येईपर्यंत झोपतात. ओढून काढू नका, ते सील तुटलं की आतला ओलावा जातो आणि ती मरते.