पासपोर्ट ब्रिटिश, जन्म नाशिकचा: ऑस्टिनची ऑफर घेण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑफिसमधले ब्रिटिश सहकारी एकेक करून अमेरिकेला का चाललेत, आणि कंपनी तुम्हालाही रेडिंगहून टेक्सासमधल्या ऑस्टिनला एल-१ व्हिसावर (कंपनीच्याच अमेरिकन ऑफिसात बदलीचा व्हिसा) पाठवायला तयार आहे, तर जावं का. तुम्ही नाशिकचे, बायको साताऱ्याची, दोघांचे पासपोर्ट ब्रिटिश. ती एनएचएसमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत, फिजिओथेरपिस्ट. मुलगी बारा वर्षांची, मुलगा चार वर्षांचा, आत्ताच रिसेप्शनला, म्हणजे तिकडच्या शाळेत पहिलीच्या आधीच्या वर्गाला, बसलेला.

ते का जातात, यात गूढ काही नाही. भाषा तीच, आणि आयटी, फायनान्स, औषधनिर्मिती अशा क्षेत्रांत त्याच कामाचा पगार बराच जास्त. त्यात ब्रिटनमध्ये एक लाख पौंडांच्या वर गेलं की करमुक्त १२,५७० पौंड हळूहळू काढून घेतले जातात. म्हणजे १,००,००० ते १,२५,१४० या पट्ट्यात वाढलेल्या प्रत्येक शंभर पौंडांतले ६२ कर आणि नॅशनल इन्शुरन्समध्ये (सरकारी पेन्शनसाठीची सक्तीची वर्गणी) जातात, हातात उरतात ३८. वर लहान मूल असेल तर आईवडिलांपैकी एकाचंही उत्पन्न लाखाच्या पुढे गेलं की नोकरदार पालकांना मिळणारे पाळणाघराचे सरकारी तास बंद. पस्तिशी-चाळिशीतली माणसं नेमकी याच टप्प्यावर कंटाळतात. दुसरं मोठं आमिष घर. ब्रिटनमध्ये मॉर्गेजचा दर साधारण दोन किंवा पाच वर्षांपुरता बांधलेला असतो, मग पुन्हा धाकधूक. अमेरिकेत तीस वर्षं एकच दर मिळतो, आणि टेक्सासमध्ये तेवढ्याच पैशात घर दुप्पट. लग्न करून येणारेही खूप. ब्रिटनमध्ये जन्मलेले सात लाखांच्या आसपास लोक आज अमेरिकेत आहेत, त्यातले कितीतरी जण अमेरिकन जोडीदारामुळे आलेले.

हे सगळं तुम्हालाही लागू आहे. ज्याच्यामुळे त्यांची वाट सोपी होते, ती एकच गोष्ट लागू नाही. ग्रीनकार्डाच्या रांगेत पासपोर्ट बघत नाहीत, जन्मस्थान बघतात. नोकरीवर आधारित ग्रीनकार्डं वर्षाला साधारण १,४०,००० आणि कोणत्याही एका देशाच्या वाट्याला त्यातली सात टक्केच. तुमच्या शेजारच्या टेबलावरचा लीड्समध्ये जन्मलेला माणूस जवळपास मोकळ्या रांगेत उभा राहतो. तुम्ही राणीच्या नावाने शपथ घेतली असलीत तरी नाशिकच्या जन्मामुळे भारताच्या रांगेत, आणि नोकरीवरच्या ग्रीनकार्डाच्या ईबी-२, ईबी-३ या नेहमीच्या वर्गांत ती रांग दहा वर्षांहून जास्त आहे. नवराबायकोपैकी एकाचा जन्म ब्रिटनमधला असता तर दोघांनाही त्या जन्माचा आधार घेता आला असता. मुलांच्या जन्माचा आधार आईवडिलांना मिळत नाही, त्यामुळे मुलं रेडिंगला जन्मली असली तरी उपयोग शून्य. ग्रीनकार्डाच्या लॉटरीचंही तेच: तिथेही जन्म बघतात आणि भारत यादीत नाही.

म्हणून ऑफर लेटरमध्ये पगाराचा आकडा बघण्याआधी एल-१च्या पुढे कोणतं अक्षर आहे ते बघा.

एल-१बी म्हणजे कंपनीचं खास ज्ञान असलेला कर्मचारी. जास्तीत जास्त पाच वर्षं. ग्रीनकार्डाचा अर्ज मध्यंतरी मंजूर झाला तरी एल-१ त्यापुढे वाढत नाही, ही यातली मेख. एच-१बी हा नोकरीचा व्हिसा मात्र अशा वेळी सहा वर्षांच्या पुढे वाढवता येतो. म्हणून एल-१बीवर आलेले भारतीय दर मार्चमध्ये एच-१बीच्या लॉटरीत नाव घालत बसतात. वर्षाला ६५,००० जागा, अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी आणखी २०,०००. तुमची डिग्री पुण्याची, त्यामुळे दुसरा गठ्ठा तुमच्यासाठी नाही. पाच वर्षांत नंबर लागला नाही तर सामान आवरायचं.

एल-१ए म्हणजे मॅनेजर. सात वर्षं मिळतात, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिथून ईबी-१ या ग्रीनकार्डाच्या वरच्या वर्गाची वाट उघडते. त्या वर्गात भारतीयांना रांग आहे, पण ईबी-२च्या मानाने खूपच लहान. शिवाय लेबर सर्टिफिकेशनचं, म्हणजे त्या जागेसाठी अमेरिकेत माणूस मिळत नाही हे कंपनीने सिद्ध करण्याचं, लफडं नाही, ज्यात एरवी दीड-दोन वर्षं सहज जातात. अट अशी की अमेरिकेत येण्याआधीच्या तीन वर्षांत किमान एक वर्ष तुम्ही बाहेरच्या ऑफिसातही मॅनेजरच असायला हवं. नुसतं ‘सीनियर’ किंवा ‘लीड’ चालत नाही. हाताखाली खरी माणसं, त्यांना घेण्याचा-काढण्याचा अधिकार, आणि शक्यतो ती माणसंही व्यावसायिक पदावरची. रेडिंगमध्ये आज तुमच्या हाताखाली टीम नसेल, तर माझं स्पष्ट मत: वर्षभर थांबा, टीम घ्या, ऑर्गनायझेशन चार्टवर ते दिसू द्या आणि मग निघा. एल-१बीवर घाईने आलेल्याला ते वर्ष अमेरिकेत आल्यावर भरून काढता येत नाही.

एल-१बीच मिळत असेल आणि जायचंच असेल, तर ग्रीनकार्डाची प्रक्रिया पहिल्या सहा महिन्यांत सुरू करू, असं कंपनीकडून लेखी घ्या. अर्जाची तारीख, म्हणजे प्रायॉरिटी डेट, एकदा पक्की झाली की पुढे नोकरी बदलली, वर्ग बदलला तरी सोबत येते. एचआर ‘वर्षभराने बघू’ म्हणतं, ते गोड बोलणं ऐकून घेऊ नका.

एक तिसरी वाट आहे, जिथे ब्रिटिश पासपोर्ट खरोखर कामाला येतो: ई-२, म्हणजे गुंतवणूकदारांचा व्हिसा. हा व्हिसा ब्रिटन-अमेरिका यांच्यातल्या १८१५ च्या व्यापारी करारावर उभा आहे. भारताशी असा करार नाही. इथे जन्म बघत नाहीत, नागरिकत्व बघतात, फक्त ब्रिटिश माणसाचं कायमचं बिऱ्हाड ब्रिटनमध्ये असायला हवं. तुमच्या कंपनीची किमान निम्मी मालकी ब्रिटिश नागरिकांची असेल, तर ती तुम्हाला ई-२ कर्मचारी म्हणूनही पाठवू शकते. पात्रता टिकते तोवर कितीही वेळा वाढवता येतो. यातून ग्रीनकार्ड मात्र मिळत नाही.

आता मुलगी. खरं तर सगळा हिशेब तिच्याभोवती फिरतो. एल-२ (एल-१वाल्याच्या जोडीदाराचा आणि मुलांचा व्हिसा) असो वा ई-२, मूल एकविसाव्या वर्षी आईवडिलांच्या व्हिसातून बाहेर पडतं. तुमच्या हातात नऊ वर्षं आहेत. ईबी-२ची रांग तेवढ्यात सरणार नाही, आणि वय गोठवणारा कायदा फक्त अर्ज तपासायला लागलेला वेळ वजा करतो, रांगेतला वेळ नाही. ती परत ब्रिटनला कॉलेजला जाईल म्हणाल, तर तिथे दुसरा धक्का: इंग्लंडमध्ये घरची फी आणि स्टुडंट लोन यांसाठी कोर्स सुरू होण्याआधीची तीन वर्षं ब्रिटनमध्ये वास्तव्य लागतं. पासपोर्ट पुरत नाही. घरची फी वर्षाला साडेनऊ हजार पौंडांच्या आसपास, परदेशी विद्यार्थ्याची बऱ्याच ठिकाणी पंचवीस हजारांच्या वर. टेक्सासमध्ये एल-२वर वर्षभर राहिलेल्यांना सरकारी विद्यापीठात राज्याची फी लागू होऊ शकते, तो एक दिलासा. पण सुट्टीत दुकानात काम करून हातखर्च काढायची ब्रिटनमधल्या मुलांची सवय इथे विसरायची, कारण एल-२वरच्या मुलांना कामाची परवानगी नाही.

बायकोला कामाची परवानगी आहे, तीही वेगळं कार्ड न काढता. विमानतळावरून बाहेर पडल्यावर आय-९४, म्हणजे अमेरिकेत प्रवेशाची नोंद, ऑनलाइन उघडून त्यावर ‘एल-२एस’ लिहिलंय का ते बघा. शेवटचा ‘एस’ नसेल तर लगेच दुरुस्त करून घ्या, नाहीतर नोकरी देणारा पुढे सरकत नाही. पण परवानगी म्हणजे लायसन्स नव्हे. परदेशी फिजिओथेरपिस्टला शिक्षणाचं मूल्यांकन करून घ्यावं लागतं आणि मग एनपीटीई ही लायसन्सची परीक्षा. मूल्यांकनात महिने जातात, आणि अडतं ते शरीरशास्त्रावर नाही, तर अमेरिकन डिग्रीत असणाऱ्या इतर सामान्य विषयांच्या क्रेडिटवर. कॉलेजमधून विषयवार अभ्यासक्रम आणि तासांचा तपशील सहीशिक्क्यानिशी आजच मागवायला घ्या. भारतातलं कॉलेज असेल तर कोणीतरी प्रत्यक्ष खेटे घालणारं शोधा.

पैशाचं. टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही, हे सगळे सांगतात. घरपट्टी घराच्या किमतीच्या दोन टक्क्यांपर्यंत जाते, हे कमी लोक सांगतात: साडेचार लाख डॉलरच्या घराला वर्षाला नऊ हजारांपर्यंत. आरोग्य विम्यात पगारातून कापला जाणारा हप्ता हा सगळा खर्च नव्हे. प्लॅनच्या कागदावर ‘आउट ऑफ पॉकेट मॅक्सिमम’, म्हणजे वर्षात स्वतःच्या खिशातून जास्तीत जास्त किती जाऊ शकतात, ते बघा. २०२५ साठी कुटुंबाची कायदेशीर कमाल १८,४०० डॉलर होती. एक वाईट वर्ष म्हणजे एवढा खर्च, असं धरून तेवढी रक्कम बाजूला ठेवा. नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरा व्हिसा किंवा परतीचं तिकीट. ब्रिटनमध्ये वर्षाला २८ दिवस भरपगारी रजा कायद्याने मिळते, इथे केंद्रीय कायद्याने एकही नाही. रजा करारात लिहून घ्या. पगाराइतकीच घासाघीस तिच्यावर करायची.

निघण्याआधी आयसाचा, म्हणजे ब्रिटनमधल्या करमुक्त बचत खात्याचा, निकाल लावा. स्टॉक्स अँड शेअर्स आयसा ब्रिटनमध्ये करमुक्त, पण अमेरिकेच्या लेखी त्याला काही अर्थ नाही. आतले ब्रिटिश फंड ‘पीएफआयसी’, म्हणजे अमेरिकेच्या कराच्या भाषेत परदेशी गुंतवणूक कंपन्या, ठरतात, प्रत्येक फंडासाठी फॉर्म ८६२१, आणि कर जाचक. तुमचे भारतातले म्युच्युअल फंड, एसआयपीसकट, याच सापळ्यात येतात. आयसा विमानात बसण्याआधी विकला तर कुठेच कर नाही. भारतीय फंड विकताना जरा जपून: ब्रिटनमध्ये राहत असताना त्यांचा नफा बहुधा भांडवली नफा न धरता उत्पन्न म्हणून धरला जातो, त्यामुळे कोणत्या करवर्षात विकायचे हे दोन्ही देशांचं बघणाऱ्या अकाउंटंटला विचारूनच ठरवा. पीपीएफ, एफडी, एनआरओ खाती धरून परदेशातल्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात एकदाही दहा हजार डॉलरच्या वर गेली, तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म, भरायचा. आईबरोबरच्या संयुक्त खात्यात फक्त नाव असेल तरी ते खातं यात येतं. बहुतेकांचं हेच राहून जातं.

ब्रिटनचं पेन्शन सोडून देऊ नका. किमान दहा वर्षांची नॅशनल इन्शुरन्सची वर्गणी लागते, पूर्ण पेन्शनला ३५. अमेरिकेत राहिलात तर ते दरवर्षी वाढतं, भारतात परतलात तर गोठतं. पगार ब्रिटिश कंपनीच्याच पेरोलवर राहणार असेल आणि मुदत पाच वर्षांपर्यंतची असेल, तर दोन देशांच्या करारानुसार सर्टिफिकेट घेऊन ब्रिटनमध्येच वर्गणी चालू ठेवता येते आणि इकडचा सोशल सिक्युरिटी कर वाचतो. निघताना एचएमआरसीला, म्हणजे ब्रिटनच्या करखात्याला, देश सोडत असल्याचं कळवणारा पी८५ फॉर्म.

शाळेसाठी लसींचे कागद हा प्रकार लोक शेवटच्या आठवड्यात काढतात. टेक्सासला कांजिण्या, हिपॅटायटिस ए आणि बी लागतात. ब्रिटनमध्ये हिपॅटायटिस बी ऑगस्ट २०१७ पासून जन्मलेल्या बाळांना सरसकट मिळू लागली, ए सरसकट मिळतच नाही, आणि कांजिण्यांची लस दोघांनाही वेळापत्रकात मिळालेली नसणार. मुलीला सातवीत जाताना मेनिंजायटिसची आणि डांग्या खोकल्याचा अंश असलेली टीडॅपही लागेल. हिपॅटायटिसच्या डोसांत महिन्यांचं अंतर असतं, पण पहिला डोस झालेला असला की तात्पुरता प्रवेश मिळतो. कांजिण्या येऊन गेल्या असतील तर तसं लिहून दिलेलं चालतं. मुलाचं वेगळंच: टेक्सासमध्ये किंडरगार्टनला १ सप्टेंबरला पाच वर्षं पूर्ण लागतात. तुमच्याकडे शाळेत बसलेला मुलगा इथे पुन्हा प्री-केला, म्हणजे किंडरगार्टनच्या आधीच्या वर्गाला, आणि ती तुमच्यासारख्यांना बहुधा पैसे भरून. त्याचा खर्च कंपनीकडून मागता येतो, मागा.

सामान कंटेनरने पाठवणार असाल तर वर्षभर वापरलेल्या घरगुती वस्तूंवर ड्युटी नाही, फॉर्म ३२९९ भरायचा. मिक्सर मात्र तिथेच कोणाला तरी देऊन टाका. इकडे १२० व्होल्ट, तुमचा २३०चा. ट्रान्सफॉर्मर लावून चालवायला गेलात तर तो मिक्सरपेक्षा जड, वर ७५० वॉटची मोटर सुरू होताना ओढते त्या करंटला लहान ट्रान्सफॉर्मर टिकत नाही. ११० व्होल्टचे भारतीय मिक्सर इथे मिळतात.