एकोणतीस म्हणजे उशीर नाही, पण एक गोष्ट बदलावी लागेल

पोरी,

तुझा मेसेज वाचला, नंतर पुन्हा एकदा वाचला. एकोणतीस पूर्ण झाली, मुंबईत ऑडिशन्स देऊन देऊन दमले, परवा तर अभिनय बघायच्या आधीच फॉलोअर्स किती ते विचारलं, आता घरी परत जाऊन बी.एड. करू का, असं सगळं एका दमात लिहिलंयस. बी.एड. वाईट नाही, शिकवणं हे मोठं काम आहे आणि करायचं असेल तर मनापासून कर. पण ‘उशीर झाला’ एवढ्याच कारणासाठी करणार असशील तर त्याआधी एका नटाबद्दल तुला सांगायचंय. मी तालमी घेतो तेव्हा अडलो की ज्याच्या फिल्म्स परत लावून बघतो असा हा माणूस आहे, इनोकेन्ती स्मोक्तुनोव्स्की. रशियन हॅम्लेट म्हटलं की ज्याचा चेहरा डोळ्यासमोर येतो तो.

जन्म १९२५ चा, सायबेरियात तोम्स्कच्या बाजूला तात्यानोव्का नावाचं खेडं, तिथला. घरात नाटकबिटक काही नाही, शेतकरी कुटुंब, पुढे क्रास्नोयार्स्कला गेले, वडील युद्धात गेले ते परत आलेच नाहीत. हा स्वतः १९४३ मध्ये म्हणजे अठराव्या वर्षी फौजेत भरती झाला आणि थेट कुर्स्कच्या लढाईत, मग नीपर नदी ओलांडताना, आणि त्याच वर्षाच्या शेवटी जर्मनांच्या हाती सापडला. कैद्यांचा तांडा पायी चालवत नेत होते तेव्हा हा एका पुलाखाली लपून राहिला आणि सुटला. जवळच्या गावातल्या एका युक्रेनियन घराने त्याला लपवून ठेवलं, पकडलं गेलं असतं तर त्या सगळ्या घराला गोळ्या घातल्या असत्या तरी ठेवलं. मग पार्टिझन म्हणजे जर्मनांशी लपूनछपून लढणाऱ्या तुकडीत गेला, मग परत फौजेत, आणि युद्ध संपलं तेव्हा जर्मनीत होता.

हे तुला सांगतोय ते ‘बघ किती सोसलं’ म्हणून नाही. सोसण्याने कोणी नट होत नाही, होत असता तर आपल्या लोकल ट्रेनच्या एकेका डब्यात शंभर नट बसलेले असते. सांगतोय ते पुढचं नीट कळावं म्हणून. स्टालिनच्या रशियात जो शत्रूच्या कैदेत राहून आला तो संशयित समजला जायचा, दोन दिवस राहिलेला असो की दोन वर्षं. क्रास्नोयार्स्कच्या थिएटरच्या स्टुडिओत थोडंफार शिक्षण झालं, तेही पूर्ण नाही, आणि १९४६ मध्ये तो नोरिल्स्कला निघून गेला. नोरिल्स्क म्हणजे आर्क्टिक वर्तुळाच्या वरचं निकेलच्या खाणींचं शहर, कैद्यांनीच बांधलेलं. त्याचं म्हणणं असं की इथून पुढे आणखी कुठे हाकलतील मला, याच्या पलीकडे जागाच नाही. म्हणून तिथे.

आणि तिथे थिएटर होतं. हे मला कायम विलक्षण वाटत आलंय, हिवाळ्यात कितीतरी आठवडे सूर्यच उगवत नाही, उणे चाळीसची थंडी, आणि रोज संध्याकाळी पडदा वर जातोय. शिक्षा भोगून आलेले, हद्दपार केलेले असे कितीतरी कसलेले कलाकार त्या कंपनीत असायचे. गिओर्गी झ्झेनोव हा पुढे खूप लोकप्रिय झालेला नट, कोलिमाच्या सक्तमजुरीच्या छावणीत वर्षं काढलेला, तो तिथे याचा दोस्त झाला, आणि तू इथे सडू नकोस, मोठ्या शहरात जा, असं त्याच्या मागे लागला. तुलाही असा एक जण पाहिजे, स्वतःचं नशीब फुटलेलं असताना दुसऱ्याला पुढे ढकलणारा. शोध, आणि सापडला की त्याचं ऐक.

नोरिल्स्कनंतर कास्पियनच्या काठावरचं माखाचकला, मग स्टालिनग्राड. सगळी राजधानीपासून लांबची थिएटरं. पडेल ती भूमिका, एकेका सीझनला एकामागून एक नाटकं, तालमींना वेळ कमी, त्यातली कित्येक सुमार. मॉस्कोतल्या कोणाला हा माणूस आहे हे माहीतसुद्धा नव्हतं. १९५५ मध्ये मॉस्कोत आला तेव्हा वय एकोणतीस. तुझंच वय, म्हणून तर तुझा मेसेज वाचून हाच आठवला. ना घर, ना नोकरी, ना ओळख, रात्री कुठल्यातरी बिल्डिंगच्या जिन्यावर झोपायचा, आणि अंगात एक स्कीइंगचा सूट कारण दुसरे कपडे नव्हते. तोच सूट उन्हाळ्यातही. थिएटरवाल्यांनी परत परत नाही म्हटलं. शेवटी लेन्कॉम थिएटरात किरकोळ, तात्पुरती कामं मिळाली, तिथेच वेशभूषा विभागात काम करणारी शुलामिथ भेटली, तिच्याशी पुढे लग्न झालं आणि ती शेवटपर्यंत बरोबर राहिली. कोणी भिंतीसारखं पाठीशी असलं की माणूस उभा राहू शकतो, हे मी नाटकात खूप बघितलंय.

मग दिग्दर्शक मिखाइल रोमच्या फिल्ममध्ये एक छोटासा रोल. पहिल्याच दिवशी कॅमेऱ्यासमोर याची जीभ वळेना, टेकवर टेक वाया जातायत, युनिट वैतागलंय, आणि रोम मात्र शांत, ओरडणं नाही, बदलणं नाही, नवा मुलगा घाबरलाय एवढंच त्याने ओळखलं आणि थांबला. तू ज्या दिवशी कोणाला डिरेक्ट करशील त्या दिवशी हे लक्षात ठेव.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. १९५६ मध्ये ‘सैनिक’ नावाच्या युद्धपटात त्याने फार्बर नावाचा लेफ्टनंट केला, चष्म्यातला, सैन्यात शोभत नाही असा सभ्य माणूस. लेनिनग्राडच्या बोल्शॉय ड्रामा थिएटरचा प्रमुख गिओर्गी तोव्स्तनोगोव तेव्हा दस्तयेवस्कीच्या ‘इडियट’ कादंबरीवर नाटक बसवत होता आणि त्याला तिचा नायक, भोळा आणि मनाने निर्मळ असा प्रिन्स मिश्किन, सापडत नव्हता. फार्बरचे डोळे त्याच्या लक्षात राहिले होते. बोलावलं. आणि तालमी सुरू झाल्या तर काहीच जमेना, आवाज कोणाला ऐकू जाईना, हा काय करतोय ते कळेना, बरोबरचे नट कुरकुर करायला लागले, याला काढा म्हणून. हा स्वतः सोडून जायला निघाला. तोव्स्तनोगोवने सोडलं नाही.

आणि मग जे झालं ते त्याने स्वतः नंतर सांगितलंय. लेनफिल्मच्या स्टुडिओत नेहमीसारखी धावपळ चालू होती, लोक येतायत, जातायत, आरडाओरडा, आणि त्या गर्दीत एक माणूस उभा राहून पुस्तक वाचत होता. बस. एवढंच. पण तो ज्या पद्धतीने उभा होता, म्हणजे गर्दीत असून गर्दीत नव्हता आणि तरी कोणाचा तिरस्कार नाही, कोणापासून तोंड फिरवलेलं नाही, ते बघून स्मोक्तुनोव्स्की जागच्या जागी थांबला. मिश्किन समोर उभा होता. चौकशी केल्यावर कळलं की हा माणूस कितीतरी वर्षं छावणीत काढून आलेला आहे. त्या एका बघण्यातून त्याला चाल सापडली, मान सापडली, आवाजाची पट्टी सापडली.

३१ डिसेंबर १९५७ ला प्रयोग उघडला. वय बत्तीस. लेनिनग्राडमध्ये लोक त्या मिश्किनबद्दल वेड्यासारखे बोलायला लागले, आणि रशियन रंगभूमीचा इतिहास लिहिणारे आजही तिथे थांबतात. पुढे १९६६ मध्ये ते नाटक त्याच्यासकट लंडन-पॅरिसलाही गेलं.

आता तुझ्याकडे येतो. तू पाठवलेल्या सगळ्या सेल्फ टेप, म्हणजे स्वतःच रेकॉर्ड केलेल्या ऑडिशन्स, मी बघितल्या. आवाज चांगला आहे, पाठांतर पक्कं, रडायचं म्हटलं की रडू येतं. पण प्रत्येक टेपमध्ये तू तूच आहेस. मोलकरीण असो, वकील असो, नवरा गेलेली बाई असो, सगळीकडे तुझंच दुःख, तुझाच राग, आणि थोडीशी ‘मला घ्या ना’ अशी विनवणी. तुझ्या मेसेजमध्येही तेच, माझा चेहरा, माझं वय, माझा नंबर कधी लागणार. दोष देत नाही मी, या लाइनमध्ये दिवसभर लोक तुम्हाला फूटपट्टी लावतात म्हटल्यावर माणूस स्वतःकडेच बघायला लागतो. पण नटाचं भांडवल समोरच्या माणसात असतं गं. स्मोक्तुनोव्स्कीकडे स्वतःचं काय कमी होतं, युद्ध होतं, कैद होती, उपासमार होती, नोरिल्स्क होतं. तरी मिश्किन त्यातनं नाही आला, दुसऱ्या एका माणसाकडे नीट बघितल्यावर आला. स्वतःचं सगळं होतं म्हणून तो त्या माणसाला ओळखू शकला हे खरं, पण आधी बघावं लागलं.

१९६४ चा दिग्दर्शक कोझिन्त्सेवचा ‘हॅम्लेट’ सिनेमा बघ म्हणजे मी काय म्हणतोय ते दिसेल. भाषांतर पास्तरनाकचं, संगीत शोस्ताकोविचचं, एल्सिनोरचा किल्ला बाल्टिकच्या काठावर एस्टोनियात उभा केलेला, पण तू ते सगळं सोडून आधी एक सीन बघ. सुरुवातीला दरबार भरलाय, लोक हसतायत, खातायत, वाकून नमस्कार करतायत, आणि हॅम्लेट त्या गर्दीतून चालत जातोय. पहिलं स्वगत तिथे आहे, पण त्याचे ओठ बंद आहेत, शब्द फक्त आपल्याला ऐकू येतायत. नुसता चालतोय. एवढ्यात तुला कळतं की या राजवाड्यात हा एकटाच विचार करणारा माणूस आहे. स्टुडिओतला पुस्तक वाचणारा माणूस इथेही आहे असं मला दर वेळी वाटतं, हे माझं मत, कुठे लिहिलेलं नाही.

आणि बासरीचा सीन. दोन जुने मित्र हेरगिरी करायला आलेत, तो एकाच्या हातात बासरी देतो, वाजव म्हणतो, येत नाही म्हणतो तो, आणि मग हॅम्लेट म्हणतो की एवढीशी बासरी वाजवता येत नाही आणि मला वाजवायला निघालात. आपल्याकडे कुठलाही पोरगा हे वाक्य ओरडून घेईल, टाळी घेईल. हा किती खाली ठेवतो आवाज ते ऐक. राग आहे, भरपूर आहे, पण तो समोरच्या माणसावर आहे, प्रेक्षकांकडे तोंड करून नाही.

त्या हॅम्लेटला लेनिन प्राइझ, सोव्हिएत सरकारचा मोठा पुरस्कार, मिळालं. मग लगेच १९६६ मध्ये रियाझानोवच्या कॉमेडीत त्याने देतोच्किन केला, इन्शुरन्स एजंट, लाचखोरांच्या गाड्या चोरून विकतो आणि पैसे अनाथाश्रमांना देतो. हा देतोच्किन संध्याकाळी हौशी नाट्यमंडळात हॅम्लेट करत असतो! आणि त्याला पकडणारा तपास अधिकारी त्याच नाटकात लेआर्टिस, हॅम्लेटशी तलवारीने लढणारा. तो अधिकारी केला ओलेग येफ्रेमोवने, ज्याने पुढे १९७६ मध्ये मॉस्को आर्ट थिएटरचा प्रमुख म्हणून स्मोक्तुनोव्स्कीला आपल्या कंपनीत घेतलं आणि चेखवचा ‘इवानोव’ दिला. तुझी मंडळी जप, आज ज्याच्याबरोबर चहा पितेयस तो उद्या कुठे असेल सांगता येत नाही.

बाकी भूमिकांची यादी देत बसत नाही. १९७० चा ‘अंकल वान्या’ मात्र बघच, कोंचालोव्स्कीचा. आणि तार्कोव्स्कीच्या ‘मिरर’मध्ये त्याचा चेहराच नाही, निवेदकाचा नुसता आवाज आहे, तो डोळे मिटून ऐक. सगळं सोनंच केलं असंही नाही, घर चालवायचं होतं, मुलं होती, साध्या फिल्म्सही खूप केल्या, म्हणून एखाद्या डेली सोपचा छोटा ट्रॅक आला तर नाक मुरडू नकोस. पण १९८४ मध्ये, साठीला आलेला असताना, त्याने आर्ट थिएटरमध्ये लेव दोदिनच्या दिग्दर्शनात ‘गोलोव्ल्योव कुटुंब’ या कादंबरीवरच्या नाटकातला युदुश्का केला, गोड बोलून सगळ्या घराचा जीव घेणारा, देवाचं नाव घेत घेत लुबाडणारा माणूस. मिश्किनच्या पार दुसऱ्या टोकाचा. ज्याच्या डोळ्यातल्या चांगुलपणासाठी त्याला उचललं होतं त्याने त्या वयात हे शोधायला घेतलं, यासाठी मला तो सगळ्यात मोठा वाटतो. १९९४ च्या ऑगस्टमध्ये गेला, तोपर्यंत काम चालूच होतं.

तर माझं म्हणणं असं. मुंबई लगेच सोडू नकोस, पण ऑडिशनच्या रांगेलाच काम समजू नकोस. आठवड्यातले काही दिवस रंगमंचावर जा, प्रायोगिक असो, बालनाट्य असो, राज्य नाट्य स्पर्धेचं नाटक असो, पैसे नसले तरी, कारण नोरिल्स्क ते स्टालिनग्राड ही जी वर्षं होती ती वाया गेलेली नव्हती, रोज माणसांसमोर उभं राहण्याची होती. पोटासाठी दुसरं काही करावं लागलं, ट्यूशन, डबिंग, काहीही, तर कर, लाज बाळगू नकोस. मात्र जिन्यावर झोपायची वेळ आणू नकोस स्वतःवर. नोरिल्स्कने त्याची तब्येत खाल्ली होती, त्यात भूषण काही नाही. भाडं थकलं तर आधी मला सांग.

आणि या महिन्यात एकही सेल्फ टेप करू नकोस. त्याऐवजी एक माणूस निवड, तुझ्या ओळखीतला नको, रोज दिसणारा पण अनोळखी, आणि त्याच्याकडे बघ. तो पैसे मोजताना काय करतो, कोणी ओरडलं की आधी खांदा हलतो की मान, वाट बघताना वजन कुठल्या पायावर असतं. लिहून ठेव. नक्कल करायची नाही, विनोद तर अजिबात नाही. महिन्याने माझ्याकडे ये आणि तो माणूस मला करून दाखव, संवाद नको, नुसतं उभं राहून दाखव. ‘हॅम्लेट’ त्याआधी बघून ये, यूट्यूबवर सबटायटल्ससकट सापडेल, नाहीतर माझ्याकडे पेन ड्राइव्हवर आहे. बी.एड.च्या फॉर्मची शेवटची तारीख कधी आहे तेवढं कळव, त्याप्रमाणे भेटायचा दिवस ठरवू.

तुझा,
सर