इटालियन क्रियापदं पाठ करायच्या आधी तोडायला शीक

तू विचारलंयस की पुढच्या वर्षी इटलीत तोरिनोला शिकायला यायचंय, कोर्स इंग्लिशमध्ये आहे, तर क्रियापदांचे तक्ते आत्तापासून पाठ करू का. इटालियन हवंच, कारण घरमालक, डॉक्टर, क्वेस्तुरा (परमिटचं काम बघणारं पोलीस कार्यालय) सगळीकडे तेच चालतं, पण तक्त्यांपासून सुरुवात नको.

आधी शब्द अक्षरांत तोडायची सवय लाव. एकटं व्यंजन पुढच्या स्वराकडे जातं, आर किंवा एनच्या पुढे व्यंजन आलं की मधून तुटतं, म्हणजे पार-ला-रे, कान-ता-रे, आणि डबल व्यंजनही तसंच, मेत-ते-रे. एस मात्र पुढच्याला चिकटतो, आ-स्पेत-ता-रे. जीएन ही जोडी (उच्चार न्य) फुटतच नाही, सो-न्या-रे. शाळेत लघु-गुरू केलेत ना, जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरू, तोच कान इथे लाव. घर बघायला गेल्यावर 'वोर-रेम-मो' म्हणालास तर ते आपल्या 'आम्हाला हवं होतं'सारखं नम्र, आणि एक म गाळून 'वोर-रे-मो' म्हणालास तर तो सरळ भविष्यकाळ. फरक फक्त तेवढ्या थांब्याचा.

मग शेपूट बघ. पार्लारे म्हणजे बोलणं, त्यातलं पार्ल हे मूळ, त्याला ओ लागला की मी, ई लागली की तू, यामो लागलं की आपण. मराठीत नुसतं 'येईन' म्हटलं तरी मी कळतो तसंच, इथेही सर्वनाम बहुतेक वेळा गाळतात, म्हणून शेवटचा स्वर अजिबात पुसट करायचा नाही.

सगळ्यात जास्त वेळ आघाताला, म्हणजे जोर कुठल्या अक्षरावर पडतो त्याला दे, मला तरी हेच खरं अवघड वाटतं. 'ते बोलतात' हे पार्लानो, पण जोर पहिल्या पार वर, आपली जीभ उगाच ला वर जाते. आबितानोत (ते राहतात) जोर आ वर, तेलेफोनानोत (ते फोन करतात) ले वर, म्हणजे शेवटून चौथ्या अक्षरावर! शेवटी एरे असलेल्या क्रियापदांत तर वेदेरेचा (बघणं) जोर दे वर आणि प्रेन्देरेचा (घेणं) प्रेन वर, हे लिहिलेलं बघून कळत नाही, डिक्शनरीत बघायचं किंवा ऐकायचं. कापीरेचं (समजणं) मी कापिस्को, तू कापिशी, पण आपण का-प्या-मो, तिथे इस्क गायब.

इथे आल्यावर सीपीआयए नावाच्या सरकारी प्रौढ शिक्षण केंद्रांत परदेशी लोकांसाठी भाषेचे वर्ग असतात, नाव घाल. पुढे कायमचं राहायचं ठरलं तर लाँग टर्म राहण्याच्या परमिटला इटालियनची ए२ पातळी लागते, नागरिकत्वाला २०१८पासून त्याच्या वरची बी१. तोवर रोज पाच क्रियापदं घे, मोठ्याने तोडून म्हण, आणि 'ते' चं रूप आधी म्हण.