रूसो यांच्या नव्या अभ्यासकास
आंरी रूसो यांच्या चित्रांचा अभ्यास आपण नव्याने सुरू करीत आहात, म्हणून सुचवितो की ‘भाबडा चित्रकार’, म्हणजे कलाशिक्षण न घेता सरळ, बाळबोध वाटणारी चित्रे काढणारा, हा त्यांच्यावरचा शिक्का प्रथम बाजूला ठेवावा. १८४४ मध्ये फ्रान्समधील लावाल येथे जन्मलेले रूसो पॅरिसच्या जकात खात्यात नोकरीस होते आणि १८९३ मध्ये निवृत्त होईपर्यंत फावल्या वेळातच चित्रे काढीत. परंतु १८८४ मध्येच त्यांनी लूव्ह्र संग्रहालयात जुन्या चित्रांच्या प्रतिकृती करण्याचा परवाना मिळविला होता. कलाशाळेत न गेलेला माणूस शिकलाच नाही, असे मानणे मला अन्यायाचे वाटते.

त्यांची अरण्यचित्रे मात्र सावकाश पाहावीत. लंडनच्या नॅशनल गॅलरीतील वादळातल्या वाघाचे १८९१ चे चित्र आणि १९१० चे ‘स्वप्न’ यांच्या प्रतिमा शेजारी ठेवून हिरव्याच्या छटा, एकेका पानाची रेखीव कड आणि पानांमागे रचलेले पानांचे थर निरखावेत. उष्ण कटिबंधातील अरण्य त्यांनी प्रत्यक्ष कधीच पाहिले नव्हते. ही वनराई पॅरिसच्या वनस्पती उद्यानातील काचगृहांच्या निरीक्षणातून उभी राहिली. पिकासो यांनी १९०८ मध्ये त्यांच्या सन्मानार्थ दिलेल्या मेजवानीचे किस्से पुष्कळ आढळतील, त्यांत फार वेळ घालवू नये.