संमती घेतली होती का?

प्रश्न: यावल तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत माझी मुलगी सहावीत आहे. दर शुक्रवारी परिपाठानंतर तिथे देवीची आरती होते. आम्ही महानुभाव पंथाचे. पंचकृष्णांखेरीज दुसऱ्या देवतेची पूजा करत नाही. मुलीने हात जोडले नाहीत म्हणून दोन शुक्रवार तिला आरती संपेपर्यंत उन्हात उभं केलं. मुख्याध्यापक म्हणतात, “तुम्हीही हिंदूच ना? आणि नको होतं तर आधी लिहून का दिलं नाही?” काय करावं?

उत्तर: भाऊ, त्यांच्या शेवटच्या वाक्यापासून सुरू करतो, कारण तिथेच कायदा उलटा धरला आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २८(३) प्रमाणे अल्पवयीन मुलाला शाळेतल्या उपासनेत सामील व्हायला लावायचं तर पालकाची संमती लागते. नकार तुम्ही कळवायचा नसतो, संमती शाळेने घ्यायची असते. खासगी अनुदानित शाळाही यातून सुटत नाही. तुमची शाळा तर संपूर्ण सरकारी पैशावर चालते. तिथे २८(१) प्रमाणे धार्मिक शिक्षण देताच येत नाही.

‘तुम्हीही हिंदूच’ या म्हणण्याला कायद्यात जागा नाही. अनुच्छेद २५ मधलं सद्सद्विवेकाचं स्वातंत्र्य प्रत्येक व्यक्तीचं आहे. नाशिकच्या एका अनुदानित शाळेतल्या शिक्षकाने प्रार्थनेला हात जोडले नाहीत म्हणून त्याची वरिष्ठ वेतनश्रेणी अडवली होती. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. नोकरीतल्या माणसाला जे मिळालं, ते सहावीतल्या पोरीला का मिळू नये?

मला जास्त राग आला तो उन्हात उभं करण्याचा. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई केली आहे. हे अर्जात ठळक लिहा. मात्र पुस्तकातला देवीचा धडा वगळा, असं मागू नका. धर्मांविषयी शिकवणं म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सांगितलं आहे.

अर्ज मुख्याध्यापकांच्या नावे करा, दोन्ही शुक्रवारच्या तारखा घाला, स्थळप्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या. एक प्रत शाळा व्यवस्थापन समितीला द्या. तिथे पाऊण सदस्य पालकच असतात, त्यामुळे गावातच मिटू शकतं. नाहीच मिटलं तर शिक्षण हक्क कायद्याच्याच कलम ३२ खाली जिल्हा परिषदेकडे लेखी तक्रार करा. तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो, आणि तो पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं.

आणि येत्या शुक्रवारी परिपाठाला स्वतः जा. त्या वेळी पोरगी एकटी नको.