पंप सुरू झाला की ८५ अंश

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचं सूत रंगवायचा छोटा कारखाना आहे. मुलाने डीएस१८बी२० हा तापमान मोजणारा डिजिटल सेन्सर बसवून वाफेचा व्हॉल्व्ह आपोआप चालेल अशी सोय केली. घरी टेबलावर सगळं चोख चाललं. मशीनवर मात्र पंपाची मोटर सुरू-बंद होताना ६० अंशांचे एकदम ८५ होतात, कधी उणे १२७. तीन सेन्सर बदलले. मागच्या आठवड्यात निळ्याचा अख्खा लॉट फिका गेला. काका, आता कोणता सेन्सर घ्यावा?

उत्तर : आधी खरेदी थांबवा. तुमचे तिन्ही सेन्सर बहुतेक चांगलेच असतील, फेकू नका.

तुम्ही आकडे नेमके लिहिलेत, म्हणून दुखणं लगेच कळलं. ८५ हे तुमच्या हौदाचं तापमान नाही. या सेन्सरला वीज मिळाली की पहिलं मोजमाप होईपर्यंत त्याच्या पोटात ८५ हाच आकडा असतो. म्हणजे पंपाचा कॉन्टॅक्टर (मोटर सुरू-बंद करणारा विजेचा स्विच) पडताना क्षणभर सेन्सरची वीज जाते आणि तो नव्याने जागा होतो. उणे १२७ म्हणजे सेन्सरकडून उत्तरच आलं नाही. नेहमीच्या प्रोग्राममध्ये तेव्हा हा आकडा येतो. पण कंट्रोलरला हे कुठून कळणार? ८५ दिसले की तो वाफ बंद करतो, इकडे हौद ६० वरून खाली उतरतो आणि सूत रंग धरत नाही. उणे १२७ ला तो व्हॉल्व्ह सताड उघडतो. मला तर याचीच जास्त भीती वाटते.

माझ्या नोकरीच्या सुरुवातीला एका डाईंगमध्ये मीही हेच केलं होतं. तिथे के टाइप थर्मोकपल होतं, म्हणजे दोन धातूंच्या तारा जोडून केलेला तापमानाचा सेन्सर. ब्लोअर लागला की आकडा वीसेक अंश उडायचा. दोन थर्मोकपल बदलली, फरक शून्य. शेवटी रात्री दोन वाजता वैतागून सेन्सरची वायर ट्रेमधून उपसली आणि मोटरच्या केबलपासून हातभर लांब धरून उभा राहिलो. आकडा जागेवर! वायर पुन्हा केबलला टेकवली की पुन्हा नाचायचा. के टाइपमध्ये एका अंशाला जेमतेम ४१ मायक्रोव्होल्ट मिळतात. वायरीत १ मिलिव्होल्टचा गोंगाट शिरला की झाले २४ अंश. तेव्हापासून मी सेन्सरच्या आधी वायर कुठून गेली आहे ते बघतो.

तुम्हीही तेच करा. पंप चालू-बंद करत वायर हाताने बाजूला घेऊन बघा. फरक पडला तर ती मोटरच्या केबलपासून किमान फूटभर लांबून न्या, आणि ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा. पीळ दिलेली, शील्ड (वरून धातूचं वेष्टण) असलेली केबल घ्या. शील्ड फक्त पॅनलच्या टोकाला अर्थ करा. दोन्ही टोकांना केलं तर शील्डमधूनच प्रवाह फिरतो आणि गोंगाट वाढू शकतो. अर्थिंगचा खड्डाही बघा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये जमीन खडखडीत वाळते, खड्ड्यात पाणी घालत जा.

तुमचा घोळ फक्त सुरू-बंद होताना होतो, म्हणून माझा पहिला संशय कॉन्टॅक्टरवर. त्याच्या कॉइलवर सर्ज सप्रेसर, म्हणजे विजेचा उसळता झटका शोषणारा भाग, लावा. सेन्सर दोनच वायरींवर चालवला असेल तर तिसरी, विजेची वायर वेगळी द्या आणि सेन्सरजवळ ०.१ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर टाका. सेन्सरचा वीजपुरवठा कॉन्टॅक्टरच्या पुरवठ्यापासून वेगळाच हवा.

मुलाला एक नक्की सांगा : प्रोग्राममध्ये ‘८५ आले की सोडून दे’ असं लिहू नको. साबणाच्या धुलाईला हौद ९० च्या वर नेताना खरे ८५ लागतातच. बिघडलेला निरोप सीआरसी तपासणीत (निरोपासोबत येणाऱ्या पडताळणीच्या आकड्यावरून) पकडला जातो, पण हे ८५ त्यातूनही सुटतात, कारण सेन्सरने ते बरोबरच पाठवलेले असतात. त्याऐवजी आधीचा आकडा बघायचा. हौद मिनिटाला दोन-तीन अंश चढतो. एका सेकंदात २५ चढले तर ते मोजमाप टाकून पुन्हा मोजायचं. लागोपाठ तीनदा चुकलं की वाफ बंद आणि भोंगा चालू.

पुढे पैसे झाले की कारखान्यासाठी तीन वायरींचा पीटी१०० (प्लॅटिनमच्या तारेचा तापमान सेन्सर) आणि त्याच्या डोक्यातच बसणारा, तापमान ४ ते २० मिलिअँपच्या प्रवाहाने कळवणारा ट्रान्समीटर घ्या. माझा कौल त्यालाच. ० ते १५० अंशांची रेंज लावली तर ६० ला १०.४ मिलिअँप येतात. प्रवाहाच्या रूपात आलेला निरोप लांबच्या वायरीतही सहसा बिघडत नाही, आणि वायर तुटली तर ४ ऐवजी ० मिलिअँप दिसतात, म्हणजे बिघाड लपत नाही. तोवर प्रत्येक लॉटला काचेचा थर्मामीटर एकदा तरी बुडवून बघा.

आणि तो फिका निळा लॉट भंगारभावाने काढू नका. नेव्हीसारख्या गडद शेडमध्ये पुन्हा रंगवता येतो. फक्त वायरीचं काम झाल्याशिवाय हौदात घालू नका.